बंदराला लागलात काय?

नांगर मी स्वतः सोडला होता. साखळी खडखडत पाण्यात गेली, ब्रेक आवळला, आणि वॉकीटॉकीवर कॅप्टनला कळवलं की जहाज नांगरावर उभं राहिलं. सकाळचे आठ वाजले होते. ग्रीसच्या दक्षिणेला एक मोठं आखात आहे, तिथली ही गोष्ट. किनारा सात-आठ मैलांवर, मागच्या डोंगरांवर बर्फ. फेब्रुवारी महिना होता.

हात धुऊन नाश्त्याला मेसमध्ये गेलो, तर आमचा कुक इस्माईल परकार फोन घेऊन दारातच उभा.

"बोसन, नांगर टाकलास की नाय?"

"टाकला. का?"

"मग हे कोण पळतंय?"

त्यानं फोन माझ्या नाकासमोर धरला. जगातली जहाजं दाखवणारा नकाशा असतो, तो उघडला होता. आमच्या जहाजाचं नाव, आणि नावाखाली हिरवा ठिपका. पण ठिपका आखातात नव्हता. तो दोनशे मैल लांब, भर समुद्रात होता. शेजारी वेग लिहिला होता. ताशी सहा मैल.

"आपण इथं आम्लेट खातोय आणि जहाज तिकडं एकटंच निघालंय," इस्माईल म्हणाला. "जाताना मला सांगून तरी जायचं. भात जास्त लावला नसता."

सगळे हसले. मीही हसलो.

दहा वाजता कॅप्टन खाली आला. गिओर्गी त्याचं नाव. जॉर्जिया देशाचा, साठीचा, जाडजूड माणूस. मोडक्या इंग्रजीत बोलायचा, पण कुणाला कळलं नाही असं कधी झालं नाही.

"जहाज कुठं आहे ते जगाला सांगणारं एक यंत्र वर ब्रिजवर, सुकाणूपाशी असतं," तो म्हणाला. "आज ते वेगळं सांगतंय. का, ते तुम्ही विचारायचं नाही. घरी बोलाल तेव्हा जहाज चालू आहे म्हणून सांगायचं. फोटो टाकायचे नाहीत. एका जहाजावर कुकच्या बहिणीनं फोटोखाली लिहिलं, भाऊ ग्रीसहून कधी येतोस. संपलं. सगळं उघडं पडलं."

"माझी बहीण शाळेतच गेली नाय," इस्माईल मराठीत माझ्या कानात म्हणाला. "आपली काळजी मिटली."

कारण विचारायची गरज नव्हती. सगळ्यांना माहीत होतं. रशियानं युक्रेनवर हल्ला केला त्याला वर्ष होत आलं होतं. युरोप-अमेरिकेनं रशियाच्या तेलाला दार लावलं. नंतर नियम आला की साठ डॉलरच्या वर विकलेलं त्यांचं तेल असेल तर पाश्चात्त्य कंपन्यांनी ते न्यायचं नाही आणि त्याचा विमाही उतरवायचा नाही. मग जुनीपुराणी जहाजं कुणीकुणी विकत घेतली. नावं बदलली, झेंडे बदलले. आमचं जहाज एकवीस वर्षांचं होतं. लहान टँकर काळ्या समुद्रातून तेल आणणार, आखातात आम्हाला चिकटून उभे राहणार, नळ्या जोडून आमच्या पोटात तेल ओतणार, आणि आम्ही ते पुढे नेणार. कागदावर आम्ही तिथे नव्हतोच.

जहाजाचं जुनं नाव मीच पुसलं होतं. डिसेंबरात, मागच्या बाजूला दोरावर फळी टांगून, तिच्यावर बसून. नावाची अक्षरं पत्र्यावर वेल्डिंगनं उठवलेली असतात. वरून रंगाचे तीन हात दिले तरी ऊन तिरपं पडलं की जुनं नाव दिसायचंच.

मला हे जहाज कसं मिळालं तेही सांगतो. तेव्हा मी सत्तावन्न वर्षांचा होतो. बोसन म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम. चौतीस वर्षं मी समुद्रावर काढली होती. पण करोनात घरी आलो तो घरीच राहिलो. चांगल्या कंपन्या पंचावन्नच्या पुढे बोसन घेत नाहीत. मी दोन वर्षं पडवीत बसून रस्ता बघत होतो. नारळ मोजायचो. शेजारचे विचारायचे, "काय विश्रामभाऊ, आता कायमचेच काय?" ते मला सुईसारखं टोचायचं. मग मुंबईच्या एजंटचा फोन आला. वयाचं काही विचारलंच नाही. पासपोर्ट आहे ना, एवढंच विचारलं. जगानं त्यांचं दार बंद केलं म्हणून माझं उघडलं होतं.

वनितानं बॅग भरायला नकार दिला.

आमचं गाव गुहागर तालुक्यात, दाभोळ खाडीच्या अलीकडे. वाडीत निम्म्या घरांतले पुरुष बोटीवर. ती तीस वर्षं बॅगा भरत आली होती. त्या दिवशी मात्र माजघरात उंबऱ्यावर बसून राहिली.

"युद्धाचं तेल ते," ती म्हणाली. "टीव्हीवर नाय बघितलंत? ती बाई मांजर पोटाशी धरून स्टेशनवर पळत होती. दुसऱ्याच्या मरणाचं तेल वाहून काय मिळवायचंय तुम्हाला?"

"तुला कोण म्हणालं युद्धाचं म्हणून?"

"मग कसलं?"

"खायचं तेल. स्पेनमधून इटलीला न्यायचं. सूर्यफुलाची पिशवी महागली म्हणून रडत होतीस ना? तेच तेल."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग उठली आणि बॅग भरायला लागली. लोकरीची टोपी वरच्या खणात ठेवली. माझ्यावर विश्वास ठेवायची तिला सवय होती.

नांगर टाकल्याच्या तिसऱ्या दिवशी तिचा फोन आला. भाजीपाला आणि पाणी घेऊन दर आठवड्याला किनाऱ्यावरून एक लाँच यायची. लाँचवाल्याकडून मी तिथलं सिमकार्ड घेतलं होतं. मागच्या डेकवर कठड्यापाशी उभं राहिलं की नेटवर्क मिळायचं. एरवी जहाज चालू असतानाही जहाजाच्या इंटरनेटवरून आम्ही बोलायचो, त्यामुळे फोन लागला म्हणून तिला वेगळं काही कळण्याचं कारण नव्हतं.

"अहो, बंदराला लागलात काय?"

"नाय गं. चालूच आहे."

"मला वाटलंच. ठिपका चालतोय. पण सरळ नाय चालत हो. कालपासून घिरट्या घालतोय. कोंबडी अंड्याला जागा शोधते तसा."

आमची मुलगी प्रणाली चिपळूणला दिली आहे. तिनं आईच्या फोनवर तो नकाशा टाकून दिला होता. वनिता रोज सकाळी तुळशीला पाणी घालून झालं की ठिपका बघायची. मला ते ठाऊक होतं. मला आवडायचंही.

"मालाची वाट बघतोय," मी म्हणालो. "थांबलं की बंदराचं भाडं लागतं. म्हणून हळूहळू फिरत राहायचं."

"असं पण असतं?"

"असतं."

"मग बरं," ती म्हणाली. मग म्हणाली, "टोपी घालता ना?"

"घालतो."

बंदराला लागलात काय, हा तिचा जुना प्रश्न होता. आमच्याकडे बोटीवाल्यांच्या घरात एक रीत आहे. जहाज चालू असताना माणसाला वाईट काही कळवायचं नाही. तो भर समुद्रात, उतरता येत नाही, परत येता येत नाही, वर डेकवर काम जोखमीचं. डोक्यात दुःख घेऊन दोरखंडापाशी उभा राहिला तर हात जायचा, नाहीतर जीव. म्हणून जहाज बंदराला लागेपर्यंत बाया सगळं पोटात ठेवतात. माझे वडील गेले तेव्हा मी ब्राझीलच्या वाटेवर होतो. सतराव्या दिवशी बंदरातल्या बूथवरून फोन लावला, तर वनितानं आधी विचारलं, "बंदराला लागलात काय?" लागलो म्हटल्यावर म्हणाली, "मग ऐका." तेराव्याचं जेवणसुद्धा होऊन गेलं होतं. मी तिच्यावर रागावलो नाही. उलट घरी आल्यावर चारचौघांत म्हणालो की वनितानं केलं ते बरोबर केलं.

पण वाईट काही नसतानाही ती तोच प्रश्न विचारायची. फोन उचलला की आपण हॅलो म्हणतो, तसं. म्हणून तेव्हा माझ्या काही मनात आलं नाही.

पहिला लहान टँकर अकराव्या दिवशी आला. समुद्र उसळता होता. दोन जहाजांच्या मध्ये रबराचे मोठे गाद्यांसारखे फुगे टाकले होते तरी पत्रे कुरकुरत होते. नळ्या जोडून झाल्यावर कॅप्टन माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. सिगारेट ओढता येत नव्हती, म्हणून नुसतीच ओठात धरली होती.

"बोसन, माझं गाव माहीत आहे? गोरी. दोन हजार आठ साली या रशियनांनीच बॉम्ब टाकले तिथं. माझ्या आईच्या स्वयंपाकघराची खिडकी उडाली. ती चुलीपाशी होती म्हणून वाचली." त्यानं नळीकडे मान हलवली. "आणि मी त्यांचं तेल नेतोय."

"मग कशाला नेता?"

"नाटोवाले म्हणाले होते, तुम्हाला आमच्यात घेऊ. पंधरा वर्षं झाली, दारात उभं केलंय. युरोप म्हणतो रशियाचं तेल घेऊ नका. तुझा देश म्हणतो, स्वस्त आहे, आमच्या माणसांना लागतं, आम्ही घेणार. सगळ्यांचं बरोबर आहे. मी साठीचा आहे. दुसरं जहाज मला कोण देणार?"

माझं तरी वेगळं काय होतं!

दुपारी गॅलीत इस्माईल कांदा चिरत बसला होता. मी चहा घ्यायला गेलो.

"वैनीला सांगितलंस?" त्यानं विचारलं.

"काय?"

"आपण नांगरावर आहोत म्हणून."

"कॅप्टननं बजावलंय ना. तू सांगितलंस?"

"पहिल्याच दिवशी. माझी जुबेदा काय नाटोला फोन करणार आहे?" तो डोळे पुसत म्हणाला. कांद्यामुळे. "अरे, कॅप्टनच्या बायकोला पण ठाऊक आहे. फक्त फोटो टाकायचा नाय. विश्राम, बायकांना आपलं जहाज कुठं आहे ते ठाऊक असावं. बाकी काय असतं त्यांच्याकडं?"

"बघू," मी म्हणालो.

सांगायला मला कॅप्टन आडवा येत नव्हता. नांगरावर आहोत म्हटलं की तिनं विचारलं असतं, मग ठिपका का फिरतोय? त्याचं उत्तर दिलं की विचारलं असतं, खायच्या तेलाला लपायला कशाला लागतं? आणि मग गप्प बसली असती. ती भांडली असती तर मला चाललं असतं. तिचं गप्प बसणं मला सोसायचं नाही. घरी गेल्यावर तोंडातोंडी सांगू, असं मी ठरवलं.

सतराव्या दिवशी आमच्या फिटरच्या पोटात कळ आली. मूतखडा होता. सकाळी नऊला तो कॅप्टनकडे गेला आणि अकराला लाँचमध्ये बसला. दुसऱ्या दिवशी विमानात. लाँच निघाली तेव्हा इस्माईलनं त्याला उकडलेली अंडी बांधून दिली. फिटर वाकलेल्या कमरेनं हात हलवत होता.

"एवढं सोपं होतं होय?" इस्माईल म्हणाला. "उद्या मला पण खडा होणार बघ."

त्याच आठवड्यात वनिताचा फोन आला.

"बंदराला लागलात काय?"

"नाय अजून."

मला वाटलं फोन कट झाला.

"हॅलो?"

"आहे. आज मागे इंजिनचा आवाज नाय."

तीस वर्षं तिनं माझे फोन ऐकले होते. मी कठड्याला धरून उभा होतो. पाणी अगदी स्तब्ध होतं. समोर बर्फाचा डोंगर दिसत होता.

"पुढे आलोय, नाळेवर," मी म्हणालो. "इंजिन मागे असतं. इथे ऐकू येत नाय."

"हां. तसंच असेल." मग म्हणाली, "अजून किती दिवस लागतील हो?"

"का गं? काही काम होतं काय?"

"काम कसलं? असंच विचारलं."

"तुझा आवाज बारीक का येतोय?"

"उपास आहे."

"मंगळवारी कसला उपास?"

"मंगळवारचाच. नवीन धरलाय."

"या वयात नवीन उपास कशाला धरतेस? पित्त होईल."

"होऊ दे," ती म्हणाली आणि हसली. "जेवलात काय? काय केलंय इस्माईलभाऊंनी?"

मी मटण म्हणालो. तिनं मटणाचं सगळं विचारून घेतलं. नारळ होता का, मसाला कुठला. फोन ठेवताना म्हणाली, "लागलात की लगेच फोन करा. दुसरं काम बाजूला ठेवा." मला वाटलं, आठवण येत असेल. मनातून बरंसुद्धा वाटलं.

त्यानंतरही दोनदा तिनं विचारलं, आणि दोन्ही वेळा मी नाही म्हणालो.

एकेचाळीस दिवसांनी आम्ही नांगर उचलला. पोट भरून जहाज पाण्यात खोल बसलं होतं. सुएझ कालव्यातून जायचं तर यंत्र खरं बोलावं लागतं. वाटेत कधीतरी ब्रिजवर कुणीतरी बटण फिरवलं. इस्माईलनं फोन दाखवला. ठिपका आमच्या खाली आला होता.

"आलं बाबा घरी," तो म्हणाला.

दोन दिवसांनी पोर्ट सईदच्या बाहेर आम्ही कालव्याच्या रांगेत नांगरलो. सकाळचे साडेनऊ. मी नाळेवरच होतो, साखळीचं काम नुकतंच संपलं होतं. फोन वाजला.

"बंदराला लागलात काय? ठिपका थांबलाय."

"लागलो," मी म्हणालो. त्रेचाळीस दिवसांत पहिल्यांदा मी खरं सांगत होतो. हलकं वाटलं.

"नक्की ना? साखळी बांधून झाली?"

"झाली. बोल."

"मग ऐका. हातातलं काम ठेवा आधी. कुठंतरी बसा."

मी दोर बांधायच्या खुंटावर बसलो. लोखंड थंडगार होतं.

"माझ्या पोटात गाठ निघाली आहे," ती म्हणाली. "आतड्यात. चिपळूणच्या डॉक्टरांनी तपासणी केली. लगेच मुंबईला जा म्हणाले. ऑपरेशन करायला लागणार. घाबरू नका."

"कधी म्हणाले?"

"झाले की दिवस."

"वनिता, कधी?"

"शिमग्याच्या आधी. महिना झाला. वर आठ-दहा दिवस असतील."

"महिना! आणि तू आज सांगतेस?"

"जहाज चालू होतं ना," ती म्हणाली. "भर समुद्रात तुम्हाला सांगून काय केलं असतंत? तुम्हाला कळवल्याशिवाय मी ऑपरेशनला कशी जाऊ? मध्येच माझं काय बरंवाईट झालं तर? प्रणाली रोज भांडते माझ्याशी. म्हटलं, बाबांचं जहाज लागू दे. एकदा त्यांच्याशी बोलते, मग तुम्ही म्हणाल तिथं येते. अहो, रोज बघायची हो मी. थांबायचंच नाव घेत नव्हतं मेलं."

मी कॅप्टनकडे गेलो तेव्हा माझ्या हातमोज्यांना साखळीचा चिखल तसाच होता. त्यानं पूर्ण ऐकूनही घेतलं नाही. एजंटला फोन लावला, माझा पासपोर्ट कपाटातून काढला. "संध्याकाळी लाँच," तो म्हणाला. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "तिकडे आखातात का नाही बोललास? लाँच दर आठवड्याला येत होती."

"मला माहीत नव्हतं," मी म्हणालो.

"बायकोनं सांगितलं नाही?"

मी पासपोर्ट उचलला.

इस्माईल शिडीपर्यंत आला. फिटरला दिली तशी अंड्यांची पुरचुंडी त्याच्या हातात नव्हती. तोच एक होता ज्याला सगळं कळलं होतं.

मुंबईत ऑपरेशन झालं. डॉक्टर बाहेर आले तेव्हा मी आणि प्रणाली उभे होतो. त्यांनी सांगितलं की आतडं जवळजवळ बंद झालं होतं आणि रोग यकृतात गेला आहे. आधीच्या तपासणीत तिथं काही दिसत नव्हतं. गेले कित्येक दिवस बाईंच्या पोटात पेजेशिवाय काही टिकत नसणार, असंही म्हणाले. तेव्हा मला मंगळवारचा उपास कळला.

"महिनाभर आधी आणलं असतं तर?" मी विचारलं.

"आता ते विचारून काय करणार?" डॉक्टर म्हणाले.

"मला सांगा."

त्यांनी चष्मा काढून पुसला. "फरक पडला असता. किती, ते नाही सांगता येणार."

प्रणाली भिंतीला टेकून रडायला लागली. "आईचा हट्ट," ती म्हणाली. "किती समजावलं हिला मी. पाया पडले. बाबांचं जहाज, बाबांचं जहाज! तिनंच केलं हे, बाबा. तिच्या हट्टानं केलं."

मी तिच्या पाठीवर हात ठेवला. तेव्हा बोलायला हवं होतं. नाही बोललो.

वाडीत आल्यावर बाया भेटायला यायच्या. म्हणायच्या, "वनितावैनीनं रीत पाळली हो. आजकालच्या पोरींना जमायचं नाही." वनिता खाटेवरून म्हणायची, "रीत कसली मेली? बसा, चहा घ्या." मी चहा टाकायला आत जायचो. आत जायला मला कारण लागायचं.

श्रावण निम्मा झाला होता. एका दुपारी तिला पडवीत आणून बसवलं होतं. पाऊस उघडला होता. तिला दूधभाताचे चार घास गेले होते. तिनं फोन मागितला. उशाखालचा दिला. ती काहीतरी शोधत होती.

"हे बघा," ती म्हणाली. "आहे अजून."

नकाशा होता. आमच्या जहाजाचा ठिपका, मलाक्काच्या पुढे कुठेतरी. तिनं त्याच्या नावापुढे चांदणी लावून ठेवली होती, लगेच सापडावं म्हणून.

"आता कशाला बघतेस ते?"

"सवय." तिनं फोन मांडीवर ठेवला. "एक विचारू?"

"विचार."

"त्या दिवशी, मटण होतं त्या दिवशी, मला कानाला वाटलं होतं की जहाज थांबलंय. अगदी शांत होतं मागे. मी सांगणारच होते. तोंडाशी आलं होतं."

मी अंगणाकडे बघत होतो. पत्र्याच्या पन्हळीतून अजून थेंब पडत होते.

"मग?"

"मग काय? तुम्ही म्हणालात चालू आहे. ठिपका पण चालत होता. म्हटलं, आपल्या कानाचं काय खरं!" तिला एका दमात बोलता येत नव्हतं. "पण तेव्हा सांगायला हवं होतं. चालू असतं तरी सांगायला हवं होतं. सुएझला सोडलं तसं कुठंतरी सोडलंच असतं तुम्हाला. प्रणाली बरोबर बोलते. माझ्यामुळे हे सगळं झालं. तुम्हाला उतारवयात एकटं टाकून चालले मी, माझ्या वेडेपणानं."

"वनिता."

"नाय, मला बोलू दे. रोज मनात येतं. मी लपवायला नको होतं तुमच्यापासून. तीस वर्षांत काही लपवलं नाय. हे एवढंच लपवलं, आणि तेच नडलं."

तिनं माझा हात धरला. तिच्या बोटातली अंगठी सैल झाली होती, तिला दोरा गुंडाळला होता.

मी सांगणार होतो. शपथेवर सांगतो, तोंड उघडलं होतं. आखात, नांगर, बर्फाचा डोंगर, फिटरची लाँच, सगळं ओठावर आलं होतं.

"रागावलात काय माझ्यावर?" तिनं विचारलं.

"नाय."

"मनापासून सांगा. माफ केलंत?"

तिचं तोंड माझ्याकडे होतं. मी काय सांगेन ते ती खरं मानणार होती. नेहमी मानायची तसं.

"केलं," मी म्हणालो.

तिनं डोळे मिटले. त्या दुपारी, कितीतरी दिवसांनी, तिला शांत झोप लागली. मी हात सोडवून घेतला नाही. चार वाजता ती जागी झाली आणि म्हणाली, आज बरं वाटतंय.

गणपतीच्या आधी आठ दिवस ती गेली.